चतुर्दशीची रात्र आणि भयाचा सूर

दीपावली हा प्रकाशाचा उत्सव आहे, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु हा उत्सव अमावास्येच्या काठावर, काळ्याकुट्ट रात्रींच्या सोबतीने येतो, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. धनत्रयोदशीच्या तिन्हीसांजेला घरातील माउली दक्षिणेकडे तोंड करून दिवा ठेवते, तो यमराजासाठी. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नानानंतर यमतर्पण सांगितले आहे. त्यात मृत्यूच्या देवतेला चौदा नावांनी हाक मारून जलांजली द्यावयाची असते. महालयात घरी आलेले पितर आपल्या लोकी परत निघाले असता त्यांना वाट दिसावी, म्हणून पेटत्या चुडी उंच धरण्याचा 'उल्कादान' नावाचा विधी धर्मग्रंथांनी याच दिवसांसाठी सांगून ठेवला आहे. लक्ष्मीपूजनाच्या मध्यरात्री सूप वाजवून, केरसुणी फिरवून अलक्ष्मीला उंबऱ्याबाहेर घालविण्याची चाल तर अनेक घरांत अजूनही आहे. तात्पर्य, मृत्यू, अंधार आणि भय यांना वगळून आपली दिवाळी उभी राहिलेली नाही. त्यांच्या दृष्टीला दृष्टी भिडवून ती उभी आहे.

हे प्रथम सांगण्याचे कारण असे की, अलीकडे याच दिवसांत आपल्या वस्त्यांतून एक नवा पाहुणा येऊ लागला आहे. त्याचे नाव 'हॅलोवीन'. ३१ ऑक्टोबरच्या सायंकाळी मुलांनी भुताखेतांचे मुखवटे घालावेत, भोपळा कोरून त्यात दिवा ठेवावा, घरोघर जाऊन खाऊ मागावा, असा हा पाश्चात्त्य प्रघात. पुण्याच्या गृहसंकुलांत तो आता अपरिचित राहिलेला नाही, आणि खडकी, बोपोडी, औंध रस्ता हा परिसरही त्याला अपवाद नाही. २०२४ साली तर एक विलक्षण योग जुळून आला. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी होती. १ नोव्हेंबरला आपले लक्ष्मीपूजन, तर ख्रिस्ती पंचांगात सर्व संतांचा दिवस. २ नोव्हेंबरला आपली बलिप्रतिपदा, तर त्यांचा सर्व मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस. तिथींचे गणित चंद्राच्या गतीने चालत असल्याने हा योग दरसाल येत नाही; पण दिवाळी आणि हा दिवस यांत दोनअडीच आठवड्यांहून अधिक अंतर सहसा पडत नाही. म्हणजे कंदील आणि मुखवटे एकाच गॅलरीत टांगले जाण्याचे प्रसंग यापुढेही येत राहणार.

अशा मेळाव्याची तयारी सुरू झाली की खाऊ, पोशाख, सजावट यांची वाटणी चटकन होते. अडते ते एका प्रश्नावर: भीतीदायक संगीत म्हणून काय लावावयाचे? प्रश्न वरवर पाहता पोरखेळ वाटेल. तसा तो नाही. मुखवटा पाहून घाबरलेले मूल डोळे मिटून घेऊ शकते. कानाला पापणी नसते. तेथून आत शिरलेला सूर रात्री अंथरुणापर्यंत सोबत जातो. म्हणून या निवडीचा विचार देवघर असलेल्या घरांनी गांभीर्याने करावा, असे आम्हांस वाटते.

दोन टोकांची मते

या विषयावर दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, हे परक्यांचे खूळ. दिवाळीच्या पवित्र दिवसांत भुतांचा बाजार कशाला? बंद करून टाका. दुसरा पक्ष म्हणतो, मुलांची घटकाभर गंमत आहे. त्यात धर्म कशाला आणता? वाटेल ते लावा, वाटेल तेवढ्या मोठ्याने लावा.

पहिल्या पक्षाची कळकळ समजण्यासारखी आहे. परंतु भयाची गोडी आपल्या मुलांना परदेशाने लावली, हे म्हणणे टिकणारे नाही. आजीच्या गोधडीत शिरून वेताळाची, मुंजाची, हडळीची गोष्ट ऐकताना अंगावर शहारे यायचे, आणि तरीही 'पुढे काय झाले?' हा प्रश्न थांबत नसे. भय हा मनुष्याच्या मनाचा स्थायी भाव आहे, हे भरतमुनींनी नाट्यशास्त्रात स्वच्छ मान्य केले असून त्यापासून उत्पन्न होणाऱ्या भयानक रसाला आठ रसांत मानाचे स्थान दिले आहे. दुसऱ्या पक्षाला इतकेच सांगावेसे वाटते की, ज्याने घटकाभर गंमत होते त्यानेच रात्रभर झोप उडते. आणि एकाची गंमत ती शेजाऱ्याची प्रार्थना असू शकते. तेव्हा बंदी आणि मोकाट सूट या दोहोंच्या मध्ये विवेक नावाची एक वाट आहे. ती कशी काढावी, एवढाच या लेखाचा हेतू.

खडकीची रात्र

'हॅलोवीन' या शब्दाचा मूळ अर्थ 'सर्व संतांच्या दिवसाची पूर्वसंध्या' एवढाच आहे. खडकीत उभ्या असलेल्या 'ऑल सेंट्स चर्च'च्या नावात जे संत आहेत, तेच या शब्दातही आहेत. म्हणजे ज्या रात्री आपल्या संकुलात हाडांचे सापळे नाचवावयाचे, तिच्या दुसऱ्याच दिवशी आपल्याच गावातील ख्रिस्ती शेजारी संतांचे स्मरण करणार, आणि त्याच्या पुढच्या दिवशी आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले ठेवून मेणबत्त्या लावणार. आयर्लंड आणि स्कॉटलंडमधील ख्रिस्तपूर्व काळातील हिवाळ्याच्या आरंभीचा एक सण, त्यावर चढलेला संतदिनाचा संस्कार, आयरिश लोकांनी सलगम कोरून केलेले कंदील, पुढे अमेरिकेत त्यांची जागा घेणारा भोपळा, असा या प्रथेचा प्रवास आहे. मूळ भाव मात्र आपल्या उल्कादानाच्या जवळचा आहे: वर्षाच्या एका संधिकाली गेलेल्यांची आठवण आणि अंधारात त्यांच्यासाठी एक दिवा.

खडकीला या भावाचे वेगळे महत्त्व आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी येथील माळावर पेशव्यांची फौज बापू गोखल्यांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांशी लढली. दिवाळीची अमावास्या तेव्हा अवघी चार दिवसांवर होती. त्या वर्षी पुण्याच्या किती घरांत दिवा लागला आणि किती घरांत विझला, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. पुढे छावणी वसली, दारूगोळ्याचा कारखाना आला, बॉम्बे सॅपर्सचे केंद्र रुजले. येथील वॉर सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिक एकसारख्या शिळांखाली विसावले आहेत, आणि पहिल्या महायुद्धात या देशात मरण पावलेल्या अठराशेहून अधिक जणांची नावे तेथील स्मारकावर आहेत. ज्या गावाने खरे मरण एवढ्या जवळून पाहिले आहे, त्या गावाने खोट्या मरणाचे संगीत निवडताना थोडे थांबून निवडावे, ही अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.

प्रार्थनेचे भूत

आता पाश्चात्त्यांच्या 'भीतीदायक' संगीताकडे वळू. त्यातील पुष्कळसे मूळचे भीतीदायक नाहीच. 'दिएस इरे', म्हणजे 'क्रोधाचा दिवस', हे मध्ययुगीन लॅटिन स्तोत्र मृतांसाठीच्या प्रार्थनेत गायिले जाई. अंतिम न्यायाच्या दिवशी देवाने दया करावी, अशी त्यात याचना आहे. १८३० साली फ्रेंच रचनाकार बर्लिओझ याने आपल्या 'सिम्फनी फँतास्तीक'च्या अखेरच्या भागात, चेटकिणींच्या मेळ्याच्या प्रसंगी, तिची चाल वापरली. त्यानंतर ती चाल मृत्यूची खूण होऊन बसली, आणि १९८० सालच्या 'द शायनिंग' या भयपटाच्या आरंभीही तीच ऐकू येते. बाखची ऑर्गनवरील 'टोकाटा आणि फ्यूग' ही रचना आज कोणत्याही पडक्या वाड्याच्या दृश्यामागे वाजते. तिचे वाद्य देवळातले, आणि तिचा कर्ता आयुष्यभर चर्चसाठी भक्तिसंगीत लिहिणारा सश्रद्ध पुरुष.

बर्लिओझसारख्या कलावंताने प्रार्थनेची चाल विशिष्ट अर्थाने वापरली, तर तिला त्या रचनेत आगापिछा असतो. परंतु तीच चाल पाच-दहा सेकंदांचा तुकडा तोडून, मध्ये किंकाळ्या आणि कड्या वाजल्याचे आवाज घालून, ध्वनिक्षेपकावर लावली की उरते ती केवळ थट्टा. आणि थट्टेची ही खोड फक्त पाश्चात्त्यांना आहे, असे समजण्याचे कारण नाही. आपल्याच चित्रपटांत आणि दूरचित्रवाणीच्या मालिकांत मांत्रिक आला की डमरू, शंख, घंटा आणि संस्कृत मंत्रांचा गदारोळ सुरू होतो. ज्या घंटेने देवघरात सकाळ होते, तीच घंटा मुलाच्या मनात भुताशी जोडली जाते. देवीची कवड्यांची माळ आणि पोत पाहून ज्याने हात जोडावयाचे, तो मुलगा त्यांना दचकू लागतो. दुसऱ्याची प्रार्थना भुताच्या तोंडी घालू नये, हे जितके खरे, तितकेच आपली प्रार्थनाही घालू नये, हे खरे. निवडीचा पहिला दंडक म्हणून हा लक्षात ठेवावा.

भीषण नाद कोणाच्या हाती?

आपल्या परंपरेत भीतीदायक नाद नाहीत काय? पुष्कळ आहेत. नाट्यशास्त्राने भयानक रसाचा वर्ण काळा आणि त्याची देवता काळ सांगितली असून, बीभत्स आणि भयानक या रसांना धैवत हा स्वर उचित मानला आहे. म्हणजे कोणत्या सुराने अंगावर काटा येतो, याचा विचार आपल्या पूर्वसुरींनी फार प्राचीन काळी केला होता. परंतु खरा भेद स्वरांत नाही. तो नाद कोण करतो आणि कोण भितो, यात आहे.

प्रत्यक्ष नरकचतुर्दशीचीच कथा घ्या. भागवताच्या दशम स्कंधातील एकोणसाठाव्या अध्यायात भगवान श्रीकृष्ण सत्यभामेसह गरुडावर आरूढ होऊन नरकासुराच्या प्राग्ज्योतिषपुरावर चालून जातात. पर्वतांचे, शस्त्रांचे, पाण्याचे, अग्नीचे आणि वाऱ्याचे कोट त्या नगराभोवती आहेत. भगवंत पांचजन्य फुंकतात. त्या शंखनादाने नगराची यंत्रे आणि वीरांची हृदये विदीर्ण होतात. युगाच्या अंती वीज कोसळावी तसा तो भीषण नाद ऐकून पाण्यात झोपलेला पंचमुखी मुर दैत्य खडबडून उठतो. या कथेत भय आहे, भीषण ध्वनी आहे, कोणत्याही भयपटाला लाजवील असे दृश्य आहे. मात्र तो ध्वनी देवाच्या मुखीचा आहे आणि भय दैत्याच्या वाट्याला आले आहे. कोंडलेल्या सोळा हजार राजकन्यांच्या कानी तोच नाद पडला असेल, तेव्हा त्यांना तो कसा वाटला असेल बरे? त्यांच्यासाठी तो सुटकेचा पहिला स्वर होता.

हेच सूत्र पुढे घरोघर उतरले आहे. अमावास्येच्या मध्यरात्री सूप वाजते, ते लेकरांना भिवविण्यासाठी नव्हे. अलक्ष्मीने भ्यावे म्हणून. चतुर्दशीच्या पहाटे पायाच्या अंगठ्याखाली कारीट फुटते, तेव्हा घरातील सर्वांत लहान मूलही क्षणभर नरकासुराचा वध करणारे होते. दारी येणारा पोतराज अंगावर आसूड ओढतो, ढोलके गुरगुरते, पोरे आईच्या पदराआड दडतात. पण ती आई त्याच्या सुपात धान्य घालते आणि मुलाला त्याच्या पाया पडावयास सांगते. गोंधळ्याचा संबळ रात्रीच्या दुसऱ्या प्रहरी कडाडतो तेव्हा छातीत धडधडते खरे, पण ती धडधड देवीच्या आगमनाची असते. नाथमहाराजांनी तर भारुडांत भूतबाधेचेच रूपक केले. झपाटलेल्या बाईची बडबड ऐकता ऐकता श्रोत्याला उमगते की, हिला लागलेले भूत हे परमेश्वराच्या ओढीचे आहे. आणि समर्थांचे भीमरूपी स्तोत्र? ते काही अंगाईगीत नव्हे. त्यातील शब्दांचे घाव, मारुतीचे ते वाढत वाढत ब्रह्मांड व्यापणारे रूप, हे सारे भव्य आणि उग्र आहे. तिन्हीसांजेला अंगणात एकटे जाण्यास भिणारे मूल ते म्हणते, कारण भीतीवर त्याला नुसते सांत्वन पुरत नाही. त्याला आपल्या बाजूला उभे असलेले, भुताहून थोर असे सामर्थ्य हवे असते.

यावरून दुसरा दंडक निघतो. ज्या संगीताने मूल भितेच, पण भिऊन एकटे पडते, ते टाळावे. ज्या संगीताने मूल भीतीसमोर उभे राहते, ते अवश्य निवडावे.

गोव्याचा धडा

हा भेद सुटला की काय होते, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या प्रचंड प्रतिमा उभारून गावोगाव मिरवितात आणि पहाटे त्यांचे दहन करतात. प्रथा सुंदर आहे. कागद, गवत आणि बांबू यांतून तरुण मुले जी उग्र रूपे घडवितात, त्यांतील कसब वाखाणण्यासारखे असते. परंतु वर्षानुवर्षे तेथील जाणत्या मंडळींची एक तक्रार आहे: रात्रभर कर्णकटू संगीताचा धुमाकूळ चालतो तो नरकासुरासाठी, आणि पहाटे त्याला मारणारा श्रीकृष्ण कोपऱ्यात कुठेतरी उभा असतो, त्याच्या वाट्याला एक ओळही येत नाही. राक्षसाची उंची दरवर्षी वाढते, त्याच्या ध्वनिवर्धकांच्या भिंती वाढतात. देवाची मूर्ती मात्र होती तेवढीच राहते. जे पेटवून टाकावयाचे त्याचाच सोहळा झाला, की पहाट उजाडली तरी ती कानांना कळत नाही. खडकीच्या एखाद्या संकुलात भोपळ्याभोवती नाचणाऱ्या दहा मुलांना आणि पणजीच्या रस्त्यावरील त्या महाकाय प्रतिमेला लागू पडणारा नियम एकच आहे. रात्रीला संगीत दिलेत, तर पहाटेलाही द्या.

शेवट कोठे होतो?

हा तिसरा आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा दंडक. भयाचे संगीत ऐकणाऱ्याला शेवटी कोठे आणून सोडते, ते पाहावे. आश्चर्य असे की, पाश्चात्त्यांच्या थोर रचनाकारांनीही हा दंडक पाळला आहे. मुसोर्गस्की या रशियन रचनाकाराची, आणि रिम्स्की-कोर्साकोव्ह याने १८८६ साली सिद्ध केलेल्या रूपात जगभर गाजलेली, उजाड डोंगरावरील रात्रीची रचना घ्या. भुतांचा थयथयाट टिपेला पोहोचतो, आणि तेवढ्यात दूरच्या गावातील प्रार्थनामंदिराची घंटा ऐकू येते. पिशाच्चे पांगतात, झुंजूमुंजू होते. फ्रान्सच्या सँ-साँस याने १८७४ साली लिहिलेल्या 'दान्स माकाब्र'मध्ये बाराचे ठोके पडतात, मृत्यू मुद्दाम बेसूर जुळविलेली व्हायोलिन छेडतो, झायलोफोनवर सापळ्यांची हाडे खडखडतात. आणि अखेरीस ओबोवर कोंबडा आरवतो, तसे सारे सापळे निमूट आपल्या जागी परततात. मुलांना ही गोष्ट आधी सांगितली, आणि मग 'कोंबडा कोठे आरवतो ते ओळखा' असे म्हटले, तर तीच भीतीदायक रचना कान देऊन ऐकण्याचा एक सुंदर खेळ होऊन जाते.

याउलट १९७८ साली निघालेल्या 'हॅलोवीन' याच नावाच्या अमेरिकन भयपटाचे संगीत पाहा. दिग्दर्शक जॉन कारपेंटर याने ते स्वतःच रचले असून त्याचा ठेका पाच मात्रांचा आहे. झपतालाला सरावलेला आपला कान तो ठेका चटकन पकडतो. परंतु तो कोठेही विसावत नाही. समेवर येऊन सुटकेचा निःश्वास टाकावा, अशी जागाच त्यात ठेवलेली नाही, आणि चित्रपटाच्या दृष्टीने तेच त्याचे यश आहे. प्रौढांनी ते जरूर ऐकावे. पाच वर्षांच्या मुलाच्या मेळाव्यात मात्र ज्याला सम नाही असे भय नको.

आपल्या चित्रपटांचे दालनही समृद्ध आहे. 'महल' (१९४९) मध्ये खेमचंद प्रकाश यांनी लता मंगेशकरांकडून गाऊन घेतलेले ते गूढ गीत, 'बीस साल बाद' (१९६२) मधील हेमंतकुमारांची रचना, 'वो कौन थी' (१९६४) मधील मदनमोहन यांचे सूर, आणि आपल्या मराठीतील 'हा खेळ सावल्यांचा' (१९७६) मधील हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत ही त्यांतील काही ठळक नावे. या गीतांत किंकाळी नाही, रक्त नाही. धुके आहे, दूरवरून येणारी हाक आहे आणि विरह आहे. भयाच्या पोटात कारुण्य दडलेले असते, हे त्यांतून नकळत कळते. मोठ्या मुलांना आणि आईवडिलांना एकत्र बसून ऐकता येईल असे हे धन घरातच असताना बाहेरून उसने कशाला आणावे?

व्यवहाराच्या चार गोष्टी

तत्त्वाबरोबर व्यवहारही पाहिला पाहिजे. मेळावा तिन्हीसांजेनंतर सुरू करावा, पण देवापुढे दिवा लावून आणि शुभंकरोती म्हणून झाल्यावर. लहान मुले आणि मोठी मुले यांचे अर्धा-अर्धा तास वेगळे ठेवावेत. चार वर्षांच्या मुलाला जे ऐकवावयाचे ते बारा वर्षांच्या मुलाला मिळमिळीत वाटेल, आणि बारा वर्षांच्याला रुचेल ते चार वर्षांच्याला सोसणार नाही. आवाज बेताचा ठेवावा. खरे भय मोठ्या आवाजात नसतेच. ते दोन आवाजांमधील शांततेत असते. दिवे मालवून सर्वांनी एक मिनिट गप्प बसावे, आणि कानावर येईल ते ऐकावे. रातकिड्याची किरकिर, दूरची आगगाडी, वाऱ्याने हललेला पत्रा, एवढे पुरेसे होते. त्यानंतर एकट्या संबळावर किंवा ढोलकीवर संथ ठेका सुरू झाला, की त्याच्या जोडीला कोणत्याही यंत्राची गरज उरत नाही. घरात गोष्ट सांगणारे आजोबा असतील तर सोन्याहून पिवळे. शासनाच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास मनाई आहे आणि निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. हा नियम दिवाळीच्या फटाक्यांच्या दिवसांत फारसा कोणी आठवत नाही. या निमित्ताने आठवला तर शेजारच्या आजारी माणसाचे आशीर्वाद मिळतील. आणि ज्या घरी त्या वर्षात कोणी गेले असेल, त्या घरासमोर हा मेळावा घेऊ नये, हे सांगण्यासाठी नियमाची आवश्यकता नसावी.

मेळाव्याचा शेवट कसा करावा, हे खडकीला छावणीनेच शिकविले आहे. सैनिकी शिस्तीत दिवस संपल्याची खूण म्हणून बिगुलावर जी धून वाजते, तीच 'लास्ट पोस्ट' नावाची धून सैनिकाच्या अंत्यसंस्काराच्या आणि स्मृतिदिनाच्या प्रसंगी वाजवितात. ती ऐकताना भल्याभल्यांचा कंठ दाटून येतो. परंतु विधी तेथे संपत नाही. मध्ये स्तब्धता पाळली जाते, आणि त्यानंतर दुसरी धून वाजते, ती झोपलेल्यांना उठविण्याची, सकाळची. आधी रात्र, मग मौन, मग प्रभात. मृत्यूसाठी केलेल्या संगीताला हा क्रम सुचावा, यातच त्या क्रमाचे सत्य आहे. आपल्या मेळाव्यातही भुतांचे सूर थांबल्यावर मिनिटभर शांतता ठेवावी. मग दिवे उजळावेत, आणि सर्व मुलांनी एका आवाजात भीमरूपी म्हणावे. मुखवटे काढून, हसऱ्या चेहऱ्यांनी म्हटलेले ते स्तोत्र ऐकून कोणत्याही भुताला काढता पाय घ्यावा लागेल. ज्यांच्या घरी दुसरी प्रार्थना आहे त्यांनी ती म्हणावी. मुद्दा एवढाच की, मूल घरी परतताना त्याच्या ओठांवर अखेरचा सूर निर्भयतेचा असावा.

आणि जेव्हा २०२४ सालासारखी चतुर्दशी त्याच दिवशी येईल, तेव्हा आपल्या हाती याहूनही मोठी संधी असेल. त्या दिवसाची पहाट तर आपलीच आहे. सूर्योदयापूर्वी उटण्याचा सुगंध, बंबातील कढत पाणी, अंगठ्याखाली फुटलेले कारीट आणि कोठूनतरी येणारे सनईचे सूर. आकाशवाणीवरून त्या पहाटे नरकासुरवधाचे कीर्तन ऐकणे हा एके काळी कितीतरी घरांचा परिपाठ होता. आज ध्वनिमुद्रणे घरोघर सहज मिळतात; त्या पहाटे भैरव रागातील एखादी रचना लावणे कोणालाही शक्य आहे. भैरव म्हणजे भयाचे हरण करणारा, स्मशानात वास करणाऱ्या महादेवाचे नाव धारण करणारा राग; आणि त्याची वेळ कोणती, तर रात्रीचा अंधार ओसरून उजाडू लागण्याची. त्यातील आंदोलित ऋषभ आणि धैवत ऐका. ज्या धैवताला भरतमुनींनी भयाशी जोडले, तोच स्वर कोमल होऊन येथे पूर्वेकडे तोंड करून उभा असतो.

भगवंताचे विश्वरूप पाहून अर्जुनासारखा वीरही थरथर कापला, आणि त्याने पूर्वीचे सौम्य रूप पुन्हा दाखविण्याची विनवणी केली. देवाने ती मान्य केली. त्या अध्यायावर लिहिताना ज्ञानदेवांनी शांतरसाच्या घरी अद्भुतरस पाहुणा म्हणून आल्याची कल्पना केली आहे. भयाचेही तसेच आहे. तो पाहुणा आहे. त्याने वर्षातून एखाद्या सायंकाळी यावे, अंगावर काटा आणावा, मुलांनी त्याच्याबरोबर खेळावे. घर मात्र शांतरसाचे आहे, याचा विसर पडू देऊ नये. येणाऱ्या चतुर्दशीला आपल्या अंगणात कोणताही सूर लावण्यापूर्वी घरातील मोठ्यांनी तीन प्रश्न विचारावेत: हा सूर कोणाच्या प्रार्थनेची थट्टा करीत नाही ना? याने मुलाला एकटे पाडले, की धीट केले? आणि याच्या शेवटी पहाट आहे काय? तिन्ही उत्तरे मनाजोगती आली, तर खुशाल लावावा. दारातील पणती आणि भोपळ्यातील दिवा यांत मग भांडण उरणार नाही. दोघांनाही जाळावयाचा आहे तो अंधारच.